गळाच्या काठीवरील कड्या

गळाने मासे पकडण्याच्या काठीवर ठराविक अंतरांवर बसविलेल्या आणि रिळातून निघालेला दोर टोकापर्यंत वाहून नेणाऱ्या वलयांना कड्या म्हणतात. काठीच्या शेंड्यावरील कडीस टोककडी, रिळाला सर्वांत जवळच्या कडीस बुंधाकडी आणि उरलेल्यांस मधल्या कड्या अशी नावे या नोंदीत वापरली आहेत. कारखान्यात तयार झालेल्या काठीवर कड्यांची संख्या, आकार व जागा ठरलेल्या असतात. परंतु स्वतः बांधलेल्या किंवा मागणीप्रमाणे बांधून घेतलेल्या काठीवर त्या निवडाव्या लागतात. ही निवड वरवर क्षुल्लक वाटते. तथापि माशाच्या ओढीचा भार दोरावरून काठीवर येतो तो कड्यांच्याच द्वारे. म्हणून उत्तम काठी व उत्तम रीळ असूनही कडी चुकली, तर दोर तुटतो, काठी मोडते किंवा मासा गळासह निघून जातो.

मराठवाड्यातील ओढे, तळी व नद्यांचे डोह यांवर आढळणाऱ्या साध्या गळकाठीला कडी नसते. बांबूची लवचिक छडी, तिच्या शेंड्याला पक्की बांधलेली तंगुसाची दोरी, भेंडाचा तरंगता तुकडा, शिशाचे वजन आणि गांडूळ किंवा कणकेची गोळी लावलेला गळ एवढीच तिची सामग्री होय. दोरीची लांबी ठरलेली असल्यामुळे काठी व दोरी मिळून जेवढी पोच असेल तेवढ्याच पाण्यात मासेमारी करता येते. शिवाय मोठा मासा दूर पळू लागल्यास त्याला देण्यासाठी जादा दोर नसतो. लहान माशांना हे पुरते. परंतु हिंगोली जिल्ह्यातील पूर्णा नदीवरचा सिद्धेश्वर जलाशय किंवा पैनगंगेवरचा ईसापूर जलाशय यांसारख्या विस्तीर्ण पाण्यात काठापासून लांब आमिष टाकायचे आणि रोहू, कटला यांसारखा वजनदार मासा दमवून काठाशी आणायचा, तर रीळ लागते आणि रीळ आले की कड्या अपरिहार्य होतात.

कार्य : कड्यांची कार्ये मुख्यतः तीन आहेत. पहिले, आमिष फेकताना रिळातून सुटणाऱ्या दोराला कमीत कमी अडथळा करून वाट देणे. दुसरे, मासा ओढू लागला असता दोर काठीच्या वाकाबरोबर ठेवून भार सबंध काठीवर वाटणे. तिसरे, दोर झिजू वा तापू न देता त्याला घसरू देणे. ही तिन्ही कार्ये एकाच रचनेने सारख्याच उत्तम रीतीने साधत नाहीत. फेकीसाठी हलकी कडी इष्ट असते, झिजेसाठी कठीण व जाड वलय इष्ट असते आणि भाराच्या वाटणीसाठी अधिक संख्येने कड्या लागतात. कड्यांच्या निरनिराळ्या पर्यायी रचना या परस्परविरोधी गरजांतूनच निर्माण झाल्या आहेत.

दोर कडीवरून वळतो तेथे घर्षण होते. वळलेल्या दोराच्या दोन बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर घर्षणांक व वळणाचा एकूण कोन यांच्या गुणाकाराबरोबर घातांकी रीतीने वाढते. खुंटाला दोराचे वेढे दिले असता थोड्या बळाने नाव रोखता येते, ती याच नियमामुळे. उदा., काठी ९० अंशांत वाकली असून घर्षणांक ०.२ असेल, तर रिळाने २ किग्रॅ. भाराला दोर सोडावा अशी योजना असूनही माशाच्या बाजूस ताण सु. २.७ किग्रॅ. होतो. घर्षणांक ०.१ असेल, तर तोच ताण सु. २.३ किग्रॅ. राहतो. म्हणजे वलयाच्या गुळगुळीतपणातील फरक दोर तुटणे न तुटणे यात निर्णायक ठरू शकतो. या नियमाचा आणखी एक निष्कर्ष असा की, घर्षण मुख्यतः वळणाच्या एकूण कोनावर अवलंबून असते, कड्यांच्या संख्येवर नव्हे. तोच कोन चारऐवजी आठ कड्यांत विभागला, तरी एकूण घर्षण फारसे वाढत नाही. मात्र प्रत्येक कडीवरचा दाब कमी होतो. ‘कड्या कमी तर घर्षण कमी’ ही प्रचलित समजूत म्हणून बरोबर नाही.

अधिक कड्यांचा खरा तोटा वजन हा आहे. काठी हाताभोवती फिरते तेव्हा वस्तुमानाचा परिणाम हातापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हातापासून २ मी. अंतरावरील एक ग्रॅम वजन अर्ध्या मीटरवरील सोळा ग्रॅमांइतकी निरूढी निर्माण करते. शेंडा जड झाला की, त्याची कंप्रता घटते, फेकीनंतर तो बराच वेळ डोलत राहतो आणि दोराची गती खातो. यासाठी बुंध्याकडील कडी थोडी जड असली तरी चालते, शेंड्याकडील कड्या मात्र हलक्याच हव्यात.

इतिहास : रीळ लावलेली काठी बाराव्या शतकाच्या अखेरीस मा युआन या चिनी चित्रकाराने काढलेल्या चित्रात दिसते. इंग्लंडमध्ये रिळाचा उल्लेख टॉमस बार्कर यांच्या १६५१ मधील पुस्तकात आढळतो. त्या काळापासून काठीच्या टोकाला तारेचे वलय बांधून दोर सरकता ठेवण्याची पद्धत रूढ होत गेली. नंतर सबंध काठीवर कड्या आल्या, पण त्या प्रारंभी काठीला लगटून लोंबणाऱ्या असत. अशी लोंबती कडी वाहतुकीत मोडत नसे. परंतु ओला दोर तिच्यात अडके आणि फेक आखूड होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ताठ उभ्या राहणाऱ्या व तारेला नागमोडी वळण देऊन केलेल्या कड्यांनी तिची जागा घेतली.

याच शतकात चिरलेल्या बांबूच्या कामट्या जोडून षट्कोनी काठी बनविण्याची कला अमेरिका व इंग्लंड येथे विकसित झाली. तिच्यासाठी प्रारंभी भारतातून जाणारा बांबू वापरीत व त्यास तिकडे कलकत्ता वेळू म्हणत. महाराष्ट्रात मानवेल किंवा भरीव बांबू या नावाने ओळखली जाणारी डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस ही जाती ती हीच, असे सामान्यतः मानले जाते. पुढे चीनमधील टोंकिन वेळूने तिची जागा घेतली. भारतात महसीर माशाच्या शिकारीमुळे मजबूत सामग्रीची गरज भासू लागली होती. मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन टॉमस यांचा द रॉड इन इंडिया हा या विषयावरील ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. दख्खनच्या नद्यांतील महसिराची जाती सायक्स यांनी त्यापूर्वीच, १८३९ मध्ये, पुण्याजवळील नदीतील नमुन्यांवरून वर्णिली होती.

कड्यांच्या रचनेला खरी कलाटणी रिळातील बदलामुळे मिळाली. जुन्या रिळात दोर गुंडाळलेले पिंप फिरते व दोर सरळ बाहेर येतो. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील गिरणीमालक ॲल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये स्थिर पिंपाच्या रिळाचे एकस्व घेतले. सूतगिरणीतील कांडीवरून सूत जसे टोकाकडून उलगडत जाते, तसा या रिळातील दोर वेटोळ्यांच्या रूपाने सुटतो. ही वेटोळी आवरणे हे कडीचे नवे काम झाले. पुढे १९३८ मध्ये जाहीर झालेल्या नायलॉनमुळे एकपदरी तंगूस आला, दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या आणि १९७० च्या दशकात कार्बन तंतूंच्या काठ्या आल्या, तर १९९० च्या दशकात अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनाचे विणीव दोर प्रचारात आले. काठी, दोर व रीळ यांतील प्रत्येक बदलाने कडीपुढे नवी अडचण उभी केली, असे या इतिहासावरून दिसते.

भाग व द्रव्ये : कडीचे वलय, चौकट आणि पाय असे तीन भाग असतात. वलयातून दोर धावतो, चौकट वलयाला काठीपासून उचलून धरते आणि पाय धाग्याच्या वेढ्यांनी काठीला बांधले जातात. नागमोडी कडीत हे तिन्ही भाग एकाच तारेचे असतात.

वलयाचे द्रव्य कठीण व गुळगुळीत असावे लागते. साध्या तारेवर दोर वारंवार घासल्याने खाच पडते आणि त्या खाचेची धार पुढे दोरच कापू लागते. विणीव दोरात पाण्यातील बारीक वाळू अडकलेली असल्यास ही झीज विशेष लवकर होते. त्यामुळे पोलादी तारेवर क्रोमियमाचा कठीण मुलामा देण्याची पद्धत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तम काठ्यांच्या टोककडीत व बुंधाकडीत अकिकाचे कोरीव वलय बसवीत. अकिकाची कठिनता मोस मापक्रमानुसार ६.५ ते ७ असते व त्याला उत्तम झिलई देता येते. हा खनिज पदार्थ महाराष्ट्राला परका नाही. हिंगोलीसह मराठवाड्याचा बहुतेक भाग ज्या दक्षिण ट्रॅप खडकाने व्यापला आहे, त्याच्या पोकळ्यांतून अकीक व त्याच्या जातीचे गारगोटीसारखे खडे सापडतात. अकिकाचे वलय आपटल्यास तडकते हा त्याचा मोठा दोष होय.

पुढे अकिकाची जागा मृत्तिका पदार्थांनी घेतली. कापडगिरण्यांत सूत ज्यांतून धावते ती चिनी मातीची वलये पूर्वीपासून वापरात होती. तेच तत्त्व येथे लागू पडले. ॲल्युमिनियम ऑक्साइडाची कठिनता मोस मापक्रमानुसार ९ असून ते स्वस्त असल्याने सर्वाधिक वापरले जाते. १९८० च्या दशकात जपानी कारखानदारांनी सिलिकॉन कार्बाइडाची वलये प्रचारात आणली. ती याहून कठीण व अधिक गुळगुळीत असून त्यांची उष्णता संवाहकता ॲल्युमिनियम ऑक्साइडाच्या कित्येक पट असते. हा गुण महत्त्वाचा आहे. कारण मोठा मासा वेगाने पळतो तेव्हा घर्षणाची उष्णता एका बिंदूवर साठते. नायलॉन २०० अंश से.च्या वर वितळते, पण पॉलिएथिलिनाचे तंतू १५० अंश से.च्या आसपासच वितळतात. विणीव दोर वापरणाऱ्याने म्हणून उष्णता लवकर पसरविणारे वलय निवडणे श्रेयस्कर ठरते.

पर्यायी रचना : (१) नागमोडी कडी : ही सर्वांत हलकी व स्वस्त असते. कृत्रिम माशीचे आमिष फेकण्याच्या काठीवर ती आजही वापरतात. तेथील दोर जाड व प्लॅस्टिकचे आवरण असलेला असतो. बारीक विणीव दोरासाठी ती योग्य नाही.

(२) द्विपाद व एकपाद कडी : दोन पाय असलेली कडी मजबूत असते; पण तिच्या दोन पायांमधील काठी मोकळेपणाने वाकत नाही. एकपाद कडी सु. निम्म्या बांधणीत बसते, वजन वाचविते आणि काठीचा नैसर्गिक वाक कायम ठेवते. तथापि आडवा धक्का बसल्यास ती वाकडी होते किंवा बांधणीतून निसटते. यावर बुंध्याकडे द्विपाद व शेंड्याकडे एकपाद अशी मिश्र योजना करतात.

(३) मोठ्या वलयांची शंकू रचना : स्थिर रिळातून निघणारी वेटोळी हळूहळू लहान व्हावीत, या हेतूने बुंधाकडी मोठी, सु. २५ ते ३० मिमी. व्यासाची घेऊन पुढील कड्या क्रमाने लहान घेतात. रीळ व टोककडी यांच्या दरम्यान जणू एक शंकू आखला जातो. जाड व ताठ तंगुसासाठी ही रचना चांगली असते. परंतु कड्या जड होतात.

(४) लहान वलयांची उंच चौकट : येथे उलट विचार आहे. वेटोळी हळूहळू आवळण्याऐवजी पहिल्या दोन-तीन कड्यांतच ती मोडायची आणि पुढे सु. ४ ते ५.५ मिमी. व्यासाच्या एकसारख्या लहान कड्यांतून दोर जवळजवळ सरळ रेषेत न्यायचा. बुंधाकडीचे वलय लहान असले, तरी चौकट उंच असते. त्यामुळे दोर काठीवर फटकत नाही. मऊ व बारीक दोराला ही रचना फार मानवते. शेंडा हलका झाल्याने काठी तत्परतेने सावरते. ताठ व जाड तंगूस मात्र लहान वलयात अडखळतो.

(५) सूक्ष्म कड्या : यांचा व्यास सु. ३ ते ४ मिमी. असतो. त्यांचे वजन नगण्य असले, तरी दोन दोरांची गाठ त्यातून सुटताना अडकते. ज्याला विणीव दोराला तंगुसाचा तुकडा जोडावा लागतो त्याने गाठ ओवून पाहिल्याशिवाय या कड्या बसवू नयेत.

(६) रूळकडी : वलयाऐवजी लहान रूळ बसवून घसरत्या घर्षणाचे लोटत्या घर्षणात रूपांतर केलेले असते. खोल समुद्रातील मोठ्या माशांसाठी व जाड दोरासाठी ही उपयुक्त आहे. रूळ जड असतात, त्यांना वेळोवेळी वंगण द्यावे लागते आणि क्षार वा वाळूने ते अडकले, तर दोर स्थिर धातूवर घासून साध्या कडीहून लवकर खराब होतो. गोड्या पाण्यातील जलाशयांत त्यांची सहसा आवश्यकता नसते.

(७) सर्पिल मांडणी : ही कडीची नव्हे, तर कड्यांच्या जागांची पर्यायी रचना आहे. फिरत्या पिंपाचे रीळ काठीच्या वर बसते व कड्याही वरच्या अंगाला असतात. काठी वाकली असता दोर कड्यांना खाली दाबतो. भार काठीच्या अक्षाच्या वर असल्याने ही अवस्था उलट्या लंबकासारखी अस्थिर असते. हात किंचित कलला की काठीला पीळ बसतो आणि ती मुठीत फिरू पाहते. शिवाय दोन कड्यांमधील दोर वाकलेल्या काठीला टेकतो. सर्पिल मांडणीत बुंधाकडी वर ठेवून पुढील दोन-तीन कड्या क्रमाने बाजूला वळवितात व उरलेल्या काठीच्या खालच्या अंगाला बांधतात. भार अक्षाखाली आल्याने काठी आपोआप स्थिर राहते, दोर तिला टेकत नाही आणि कड्याही थोड्या कमी पुरतात. पाहणाऱ्यास ही मांडणी चमत्कारिक वाटते; परंतु एकही जादा वस्तू न लागता मिळणारा हा लाभ असल्याने स्वतः काठी बांधणाऱ्यांत ती लोकप्रिय आहे. स्थिर पिंपाचे रीळ मुळातच काठीखाली असते, म्हणून तेथे हा प्रश्न उद्‌भवत नाही.

(८) अंतर्गत दोर : पोकळ कार्बन काठीच्या आतून दोर नेऊन केवळ टोकाशी बाहेर काढतात. मधल्या कड्या नसल्याने दोर गुंतत नाही, पीळ बसत नाही व भार सर्वत्र सारखा वाटला जातो. तथापि ओला दोर आतील पृष्ठाला चिकटतो, फेक आखूड होते व दोर ओवण्यास लांब तार लागते. बांबूच्या काठीत पेरांवरील पडद्यांमुळे आणि भरीव गाभ्यामुळे ही रचना शक्य नाही.

(९) निकेल-टिटॅनियम तारेची कडी : अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास शोध लागलेली ही मिश्रधातू अतिस्थितिस्थापक आहे. साध्या पोलादाची तार एक टक्क्याहूनही कमी ताणानंतर कायमची वाकते, ही सु. ६ ते ८ टक्के ताणानंतरही पूर्ववत होते. कडी पायाखाली चेपली तरी पुन्हा उभी राहते व गंजत नाही. किंमत जास्त असणे व वलयाची कठिनता मृत्तिका पदार्थांहून कमी असणे या तिच्या मर्यादा होत.

मांडणी व चाचणी : कड्यांतील अंतरे शेंड्याकडे कमी व बुंध्याकडे क्रमाने जास्त असतात, कारण काठी शेंड्याकडे अधिक वाकते. काठीची लांबी जितकी फूट तितक्या अधिक एक कड्या, असा एक ढोबळ नियम आहे. परंतु प्रत्येक काठीचा वाक वेगळा असल्याने अखेरचा निर्णय चाचणीनेच घ्यावा. प्रथम टोककडी व रीळ पक्के करावे. मधल्या कड्या चिकटपट्टीने किंवा रबरी वळ्यांनी तात्पुरत्या लावाव्यात. दोर ओवून काठी तिरपी बांधावी व दोराच्या टोकाला वजन अडकवून तिला खऱ्या मासेमारीत वाकेल तितकी वाकवावी. बाजूने पाहिले असता दोराची रेषा काठीच्या वाकाला धरून गेली पाहिजे. दोन कड्यांमध्ये दोर सरळ ताणलेला व काठी मात्र कमानीसारखी दिसली, तर तेथील भार नीट वाटला जात नाही. अशा वेळी कड्या सरकवाव्या किंवा एक कडी वाढवावी. वरच्या अंगाच्या कड्यांत दोर काठीला टेकतो का, तेही पाहावे. यानंतर त्याच तात्पुरत्या बांधणीवर हलके वजन फेकून पाहावे. दोर बुंधाकडीवर फटकारत असेल, तर ती रिळापासून थोडी दूर न्यावी. वजन लावून पाहणे आणि फेकून पाहणे या दोन चाचण्या झाल्यावरच कायमची बांधणी करावी.

पायाचे टोक कानशीने घासून निमुळते करावे. जाड टोकावर धागा चढत नाही आणि धारदार टोक कार्बन काठीत रुतून तेथेच ती मोडते. रेशमी किंवा नायलॉन धाग्याचे वेढे एकमेकांशी घट्ट भिडवून त्यांवर रोगण किंवा इपॉक्सी रेझिनाचा थर देतात.

निवड व देखभाल : मराठवाड्यासारख्या प्रदेशात काठी बांधणाऱ्याला वरील सर्व रचनांची गरज नाही. निवड करताना तीन प्रश्न पुरेसे होतात : रीळ काठीच्या वर आहे की खाली, दोर तंगूस आहे की विणीव आणि अपेक्षित मासा किती वजनाचा आहे. काठाजवळच्या वनस्पतींतून मरळ काढायचा असेल, तर फेक लहान व ओढ एकदम असते. तेथे थोड्या जड पण भक्कम द्विपाद कड्या उचित होत. खुल्या जलाशयात दूरवर आमिष टाकून रोहू किंवा कटला यांची वाट पाहायची असेल, तर स्थिर रीळ, तंगूस आणि शंकू रचनेच्या कड्या हा जुना मेळ अद्यापही समाधानकारक आहे. विणीव दोर घेतल्यास लहान वलयांची उंच चौकट अधिक उपयुक्त ठरते.

खर्च मर्यादित असल्यास तो प्रथम टोककडीवर करावा. दोराला सर्वांत मोठे एकेरी वळण बहुधा तेथेच मिळते आणि सर्वाधिक झीजही तेथेच होते. स्थानिक बांबूची सरळ, वाळलेली छडी निवडून तिच्यावर चांगली मृत्तिका टोककडी, तशीच बुंधाकडी आणि मधे सु. १ मिमी. जाडीच्या अगंज पोलादाच्या तारेच्या घरी वळलेल्या कड्या बसविल्यास तंगुसासाठी कामचलाऊ आणि टिकाऊ काठी तयार होते. जस्ताचा मुलामा दिलेली साधी तार वापरू नये. मुलामा घासून गेला की ती गंजते व खरखरीत होते. भरीव बांबूचा शेंडा कार्बन काठीहून जड असल्याने त्यावर मधल्या कड्या होतील तितक्या हलक्या ठेवाव्यात.

प्रत्येक हंगामापूर्वी कड्या तपासाव्यात. वलयातील तडा डोळ्यांना दिसत नाही. मात्र कापसाचा पुंजका त्यातून हळूच ओढला असता तंतू अडकून तो उघड होतो. अशी कडी घासून दुरुस्त करू नये, बदलावी. दोर पुनःपुन्हा एकाच ठिकाणी तुटत असेल, तर दोराला दोष देण्यापूर्वी टोककडी पाहावी. तुटलेल्या दोराची हानी पकडणाऱ्यापुरती मर्यादित राहत नाही. मासा तोंडातील गळ व मागचा दोर घेऊन जातो आणि पाण्यात उरलेला तंगूस वर्षानुवर्षे कुजत नसल्याने पाणपक्षी व कासवे त्यात गुरफटतात.

राज्यातील जलाशयांचे मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत सामान्यतः सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात व अनेक कुटुंबांची उपजीविका त्यांवर चालते. हौशी गळकऱ्याने म्हणून संबंधित जलाशयावर रीतसर परवानगी घेऊनच काठी उघडावी.